उसनी जांभई

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. आमच्या गावात हनुमान जयंतीला अखंड हरिनाम सप्ताह असतो. माझा पहारा रात्री दोन ते चार. एक जण वीणा गळ्यात घालून उभा, आम्ही दोघं टाळ घेऊन त्याच्या बाजूला. विणेकऱ्यानं जांभई दिली की हमखास मला येते, माझी बघून तिसऱ्याला. मांडवात कुणी अर्धवट जागा असला तर त्यालाही. शाळेत आम्हाला शिकवलं होतं, ऑक्सिजन कमी पडला की जांभई येते. पण मांडव चारी बाजूंनी उघडा, समोर मोकळं रान. हवा कमी कशी पडेल? आणि पडली तरी माझ्या जांभईनं दुसऱ्याला का यावी? म्हातारी माणसं म्हणतात, चुटकी वाजवा म्हणजे थांबते. त्यात काही तथ्य आहे का?
— एक टाळकरी, पूर्णा तालुका

उत्तर : भाऊ, आधी मला एक चूक दुरुस्त करू द्या, कारण ती मीही केली आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. 'रक्तात प्राणवायू कमी पडला की जांभई येते' हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं, पोरांनी वहीत उतरवून घेतलं आणि चाचणीत मी त्याला दोन गुणही दिले. तुमच्या गुरुजींनीही माझ्यासारखंच ऐकीव शिकवलं असणार.

हे वाक्य १९८७ सालीच तपासून झालं होतं. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात रॉबर्ट प्रोव्हाइन नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी विद्यार्थ्यांना निव्वळ प्राणवायू ओढायला दिला. मग कार्बन डायऑक्साइड मुद्दाम वाढवलेली हवा दिली, ३ ते ५ टक्के. साध्या हवेत तो एका टक्क्याच्या विसाव्या भागाइतकाही नसतो. कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर विद्यार्थ्यांचे श्वास भराभर चालू झाले, जांभया मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. व्यायाम करवून घेतला, तरी तेच. प्राणवायूसाठी जांभई असती तर निव्वळ प्राणवायू ओढणाऱ्यांच्या जांभया थांबायला हव्या होत्या. तुम्ही उघड्या मांडवात उभं राहून जी शंका काढली, ती अगदी रास्त आहे.

आता दुसऱ्याला का येते ते बघू. जांभया दोन असतात. एक स्वतःची आणि एक उसनी. स्वतःची जांभई फार जुनी. मासे, पाखरं, गुरं, कुत्री सगळे जबडा ताणतात. आईच्या पोटातलं बाळ अकरा-बारा आठवड्यांचं असतं तेव्हापासून जांभई देतं, सोनोग्राफीत ती दिसते. त्या अंधारात त्याला कुणाची बघायला मिळणार? ती त्याची स्वतःचीच. उसनी जांभई म्हणजे दुसऱ्याची पाहून येते ती, शेजारून वाटीभर साखर आणावी तशी. तुमच्या पहाऱ्यात हातोहात फिरते ती ही.

प्रोव्हाइन यांनी लोकांना जांभया देणाऱ्या माणसाची चित्रफीत दाखवली. पाच मिनिटांत निम्म्याहून जास्त लोकांनी जांभई दिली. मग त्यांनी चित्रफितीतलं तोंड झाकलं, नुसते डोळे, कपाळ आणि गाल ठेवले. तरीही लोकांना जांभया आल्या. उलट नुसतं उघडलेलं तोंड दाखवलं तेव्हा तेवढ्या आल्या नाहीत.

हे वाचलं तेव्हा मी नोकरीत होते, आणि वाचून गप्प बसणं मला जमेना. आठवीचा वर्ग. पोरं खिचडी खाऊन नुकतीच बसलेली, पत्र्याची खोली, लाइट गेलेली. मी खुर्चीत बसले, पदर नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढून घेतला आणि पदराआड एक लांब जांभई दिली. पदर खाली ताणला गेला, डोळे बारीक झाले, डोळ्यांच्या कडांना पाणी आलं. पोरांना दिसलं ते एवढंच. खिडकीपाशी बसलेल्या मुलीनं सगळ्यात आधी मूठ तोंडावर नेली. मग तिच्या मागचीनं. मग पोरांच्या रांगेत एकानं चांगली आवाज काढून दिली आणि बघता बघता मागच्या भिंतीपर्यंत सगळे आ वासून बसले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला मी नुसता आ केला, डोळे उघडे ठेवून, दाताच्या डॉक्टरांना दाखवतात तसा. कुणालाच काही झालं नाही. पहिल्या बाकावरच्या पोरीनं काळजीनं विचारलं, "बाई, दात दुखायलाय का?"

म्हणजे जांभई नुसत्या तोंडात नसते, ती सगळ्या चेहऱ्यावर असते. आणि चेहरा दिसायलाच पाहिजे असंही नाही. आमच्या गल्लीत एक मृदंग वाजवणारे महाराज होते, जन्मांध. हरिपाठाला शेजारच्यानं जांभई दिली की यांना यायचीच. ते ती कानानं घ्यायचे. आधी आत ओढलेला तो लांब श्वास, मग बाहेर सोडलेला सुस्कारा. आवाज ऐकून जांभई येते हे प्रयोगांतही दिसलं आहे. जांभईबद्दल नुसतं वाचून येते, विचार करूनही येते.

चुटकीबद्दल विचारलंत. ही कथा तुम्ही सप्ताहात नक्की ऐकली असेल. रामरायाची सगळी सेवा सीतामाईनं आणि भावांनी वाटून घेतली, मारुतीला काही उरलंच नाही. त्यानं एवढंच मागितलं, की प्रभूंना जांभई आली की चुटकी वाजवायचं काम माझं. जांभई कधी येईल याचा नेम नाही, म्हणून तो क्षणभरही रामापासून हलेना. रात्री त्याला महालाबाहेर काढलं. आत प्रभूंना जांभई आली आणि आपण नसलो तर? या काळजीनं तो बाहेर बसून सारखी चुटकी वाजवत राहिला. आणि आत रामाला जांभयांवर जांभया सुरू झाल्या, तोंड मिटेना. वाल्मीकींच्या रामायणात ही गोष्ट नाही, लोकांनीच ती सांगत सांगत आणली आहे. पण ज्यानं ती रचली त्याला जांभईची रीत पक्की ठाऊक होती. मध्ये भिंत असली तरी खूण पोचली की जांभई येते.

चुटकीनं जांभई थांबावी असं शरीरात काही नाही. मला तर उलटंच वाटतं. ज्याचं तुमच्याकडे लक्ष नव्हतं, तो चुटकी ऐकून वळून बघतो आणि उसनं घेऊन जातो. माझी आजी चुटकीबरोबर "पांडुरंग, पांडुरंग" म्हणायची आणि मग मला म्हणायची, "माझ्याकडं बगू नको, तुला बी यील." चुटकी वाजवा, जुनी सवय आहे, तिचा मान राखायला माझी हरकत नाही. जांभई दाबू मात्र नका. २०१७ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात ३६ जणांना जांभयांची चित्रफीत दाखवली. कधी सांगितलं खुशाल द्या, कधी सांगितलं दाबून धरा. दाबून धरा म्हटल्यावर पुऱ्या जांभया कमी झाल्या, पण अर्धवट, गिळलेल्या जांभया वाढल्या आणि जांभई द्यावीशी वाटणं उलट वाढलं. मेंदूचा जो भाग स्नायू हलवतो तो कुणात चटकन चेततो, कुणात उशिरा. उसनी जांभई कुणाला लगेच येते आणि कुणाला नाही, याचा संबंध त्यांना तिथे सापडला. आपल्याकडे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातव्या अध्यायाचं नावच 'नवेगान्धारणीय' आहे. अडवू नयेत अशा तेरा वेगांत शिंक, ढेकर, भूक, तहान, झोप यांच्या पंक्तीला जृंभाही बसली आहे, म्हणजे आपली जांभई.

राहिला प्रश्न उसन्या जांभईचा उपयोग काय. यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. पण तुमच्या पहाऱ्याला लागू पडणारा एक प्रयोग सांगते. अँड्र्यू गॅलप हे अमेरिकेतले संशोधक बरीच वर्षं जांभईच्या मागे आहेत. त्यांनी २०२१ मध्ये लोकांना आधी जांभया देणाऱ्या माणसांच्या चित्रफिती दाखवल्या आणि मग पडद्यावरच्या चित्रांतून साप शोधायला लावला. जांभया पाहिलेल्यांना साप लवकर सापडला. सापाऐवजी बेडूक शोधायला दिला तेव्हा काहीच फरक पडला नाही. त्यांचं म्हणणं असं की, सोबतीतला एक पेंगुळला ही खबर जांभईनं मिळते आणि मग बाकीच्यांचे डोळे सावध होतात. एका प्रयोगावर सगळं ठरत नाही. तरी मला हे पटतं. रात्री लाइट येते म्हणून बॅटरी घेऊन उसाला दारं धरायला जाणारी आपली माणसं शक्यतो दोघं मिळून जातात. बांधावर एकाचा डोळा लागला तरी दुसऱ्याचा उघडा असावा लागतो. पायाखाली काय आहे हे त्याला दिसायला पाहिजे.

एक सांगायचं राहिलं, आणि ते महत्त्वाचं आहे. स्वतः जांभई दिली म्हणजे झोप उडाली असं समजू नका. मेंदूच्या लहरी मोजल्या तेव्हा जांभईनंतर जागेपण वाढलेलं दिसलं नाही. चारला पहारा सुटला की काकडा होईपर्यंत मांडवातच आडवे व्हा. जांभया देत अंधारात मोटारसायकल काढू नका. उसाच्या ट्रॅक्टरवर रात्रीच्या खेपा मारणारे कुणी घरात असतील तर त्यांनाही हे सांगा. लागोपाठ तिसरी जांभई आली की ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला, दिवे चालू ठेवून.

प्रश्न : बाई, माझा मुलगा तीन वर्षं दोन महिन्यांचा आहे. मोबाइलवर एक व्हिडिओ आला होता. मुलासमोर जांभई द्या, त्याला जांभई आली नाही तर त्याच्या मनात माया नाही, तो स्वमग्न (ऑटिस्टिक) असू शकतो, असं त्यात सांगितलं होतं. तेव्हापासून पंधरा दिवस मी रोज त्याच्यासमोर जांभया देते आहे. त्याला एकदाही आली नाही. तो हसतो आणि माझ्या उघड्या तोंडात बोट घालतो. मिस्टर म्हणतात, तुला काही उद्योग नाही. सासूबाई म्हणतात, लेकरू चांगलंय की. पण मला रात्र रात्र झोप लागत नाही. कुणाला विचारू?
— एक आई, अंबाजोगाई

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना 'बोट घालतो' या शब्दांवर थांबले.

आधी त्या व्हिडिओचं बघू. उसनी जांभई जन्मापासून येत नाही. स्वतःची येते, पोटात असल्यापासून येते, हे वर सांगितलंच. दुसऱ्याची बघून जांभई यायला मात्र वेळ लागतो. २०१० साली अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठात एक ते सहा वर्षांच्या १२० मुलांसमोर मोठ्यांनी मुद्दाम जांभया दिल्या. चार वर्षांच्या आतल्या मुलांत उसनी जांभई क्वचित दिसली, चौथ्या वर्षापासून ती ठळकपणे दिसू लागली. त्याआधी २००३ मध्येही मुलांना जांभयांची चित्रफीत दाखवली होती, तेव्हा पाच वर्षांखालच्या मुलांना आलीच नाही. तुमचा मुलगा सव्वातीन वर्षांचाही नाही. त्याला जांभई न येणं हे त्याच्या वयाला धरूनच आहे. तुम्ही पंधरा दिवस त्याची जी परीक्षा घेतलीत, तिला बसायचं त्याचं वयच नव्हतं.

आणि मोठ्यांचं तरी काय? २०१४ साली ड्यूक विद्यापीठात ३२८ जणांना तीन मिनिटांची जांभयांची चित्रफीत दाखवली. २२२ जणांना जांभई आली, १०६ जणांना नाही. धडधाकट, नोकरी-शिक्षण करणारी माणसं ही. कुणाला एकदाही नाही आणि कुणाला पंधरा वेळा. दुसऱ्याचं दुःख किती जाणवतं याची चाचणीही त्याच लोकांची घेतली होती, तिचा आणि जांभईचा काहीएक संबंध लागला नाही. वयाचा थोडा लागला. वय वाढलं की उसनी जांभई कमी होते, पण तेही माणसामाणसांतल्या फरकापैकी फक्त ८ टक्के समजावून सांगतं.

मग मायेची गोष्ट आली कुठून? तीही हवेतून आलेली नाही. इटलीतल्या पिसा विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०११ मध्ये रोजच्या वावरातल्या माणसांच्या जांभया टिपल्या. घरी, कामावर, प्रवासात. रक्ताच्या नात्यातल्या माणसाची जांभई सगळ्यात जास्त लागली, मग मित्राची, मग ओळखीच्याची, परक्याची सगळ्यात कमी. उसनं आणायला आपण आधी कुणाच्या दारात जातो, तसंच हे. पण या निकालाचा सरळ अर्थ 'जिथं माया तिथं जांभई' असा काढता येत नाही. आपल्या माणसाच्या तोंडाकडे आपण मुळातच जास्त बघतो. परक्याच्या तोंडाकडे टक लावून बघणं आपल्याकडे तर वाईटच दिसतं. न बघता उसनं येणार कसं? अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१५ मध्ये १३५ विद्यार्थ्यांवर अभ्यास झाला. कठोर मनाकडे जास्त झुकणाऱ्यांना जांभई थोडी कमी लागते असं त्यात दिसलं, आणि त्याच्या बातम्या जगभर झाल्या. पण ज्यांनी तो केला त्यांनीच बजावलं होतं की, शेजाऱ्याला जांभई आली नाही म्हणून त्याला निर्दयी ठरवू नका. ते बजावणं व्हिडिओवाले सोडून देतात. मला याचा राग येतो. कुठल्यातरी आईची पंधरा दिवसांची झोप त्यात जाते, आणि ज्यानं व्हिडिओ पाठवला त्याला त्याचा पत्ताही नसतो.

स्वमग्नतेबद्दल जास्त काळजीनं सांगायला हवं. २००७ साली अत्सुशी सेंजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं दिसलं होतं की, स्वमग्न मुलांना चित्रफितीतली जांभई बघून कमी जांभया येतात. व्हिडिओ तिथंच थांबतो. संशोधन पुढं गेलं. नंतरच्या प्रयोगांत मुलांचं लक्ष चित्रातल्या माणसाच्या डोळ्यांकडे राहील अशी तजवीज केली. तेव्हा स्वमग्न मुलांनीही इतरांइतक्याच जांभया दिल्या. म्हणजे त्यांच्यात माया कमी नव्हती, ती चेहऱ्याकडे बघत नव्हती एवढंच.

माझ्या बहिणीचा नातू स्वमग्न आहे, आता अकरा वर्षांचा. तो माझ्या तोंडाकडे बघत नाही, माझी जांभई त्यानं कधी घेतली नाही. पण मी सेलूला गेले की तो माझ्या चपला उचलून स्वतःच्या पलंगाखाली नेऊन ठेवतो. चपला सापडल्याशिवाय मी निघू शकत नाही, हे त्याला कळलेलं आहे. स्टेशनवर गाडीची वाट बघताना माझी करंगळी धरून उभा राहतो आणि डबा पुढं सरकेपर्यंत सोडत नाही. अशा लेकराला माया नाही असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही.

तुमच्या मुलाचं मात्र तुम्हीच लिहिलंत. आई आ करते, तो तिच्या तोंडाकडे बघतो, त्याला गंमत वाटते, हसतो, बोट घालतो. म्हणजे तुमच्याकडे बघणं आहे, हसणं आहे, तुमच्याशी खेळ मांडणं आहे. डॉक्टर जे बघतात ते हेच. हाक मारली की वळतो का, डोळ्याला डोळा देतो का, हवी ती वस्तू बोटानं दाखवतो का, दोन-तीन शब्द जोडून बोलतो का, दुसऱ्या मुलांत मिसळतो का. यांतलं काही राहिलंय असं वाटलं, किंवा येत असलेलं बोलणं बंद झालं, तर थांबू नका. तुमच्या गावात वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, त्याच्या बालरोग विभागात दाखवा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची ही तपासणी फुकट आहे. गरज असली तर ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पथक कधी येणार ते अंगणवाडीताईंना विचारून ठेवा.

आणि आजपासून मुद्दाम जांभया देणं बंद करा. तो तोंडात बोट घालतो तेव्हा हळूच ओठांनी धरा. बघा कसा खिदळतो. रात्री तुमच्या स्वतःच्या जांभया येऊ द्या, त्यांची कितीतरी थकबाकी झाली असेल. सासूबाई म्हणाल्या तेच मी म्हणते, लेकरू चांगलंय.

प्रश्न : बाई, मी नववीत आहे. मार्चपासून आमची सकाळची शाळा असते, सातला. पहिल्या दोन तासांना आख्खा वर्ग जांभया देतो. सर म्हणतात, तुम्हाला शिकवण्याची किंमत नाही, आणि जांभई देणाऱ्याला उभं करतात. दुपारी घरी पत्र्याखाली बसलो की अंगातून घाम निथळतो, कंटाळाही फार येतो, पण जांभई येत नाही. उलट व्हायला पाहिजे ना? आणि आमचा कुत्रा माझी जांभई बघून जांभई देतो, हे मित्र खरं मानत नाहीत.
— एक विद्यार्थी, औसा तालुका

उत्तर : बाळा, कुत्र्याचं आधी, कारण ते सोपं आहे. २००८ मध्ये लंडनमध्ये २९ कुत्र्यांसमोर एका अनोळखी माणसानं जांभया दिल्या, त्यातल्या २१ कुत्र्यांनी परत दिल्या. मित्रांना हे सांग. चिंपांझी आणि लव्हबर्ड म्हणून पाळतात ते छोटे पोपट, यांच्यातही आपसांत उसनी जांभई दिसली आहे. दक्षिण आफ्रिकेत सिंहांचं निरीक्षण केलं, तेव्हा एकाची जांभई दुसऱ्यानं घेतली की ते दोघं बऱ्याचदा बरोबर उठले आणि बरोबर चालू लागले. कुत्रं मात्र घाबरलं किंवा अवघडलं तरी जांभई देतं, तेवढं ध्यानात ठेव.

तुझं सकाळ-दुपारचं निरीक्षण फार चांगलं आहे. ते वाचून मी उठून कपाटातली जुनी टिपणं काढली. गॅलप यांचं एक म्हणणं असं आहे की, जांभई मेंदू थंड करते. जबडा ताणला की डोक्याकडचं रक्त खेळतं, आणि आत ओढलेली गार हवा उष्णता घेऊन जाते. २००७ मध्ये त्यांनी जांभयांची चित्रफीत दाखवताना काहींच्या कपाळावर गार पट्टी ठेवली आणि काहींच्या कोमट. कोमट पट्टीवाल्यांपैकी ४१ टक्क्यांना जांभई आली, गार पट्टीवाल्यांपैकी फक्त ९ टक्क्यांना. नाकानं श्वास घ्यायला सांगितलेल्यांना तर आलीच नाही.

आता हवाच अंगापेक्षा तापलेली असेल तर? तिनं मेंदू कसा थंड होणार? अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, टूसॉन शहरात, रस्त्यानं जाणाऱ्या १६० जणांना जांभयांची चित्रं दाखवली. निम्म्यांना हिवाळ्यात, निम्म्यांना उन्हाळ्यात. तिथला हिवाळा म्हणजे आपल्या फेब्रुवारीतल्या सकाळीसारखा, उन्हाळा ३७ अंशांचा. हिवाळ्यात ४५ टक्क्यांनी जांभई दिली, उन्हाळ्यात २४ टक्क्यांनी. मग ऑस्ट्रियात, व्हिएन्नाला, तोच प्रयोग झाला आणि निकाल उलटा आला. तिथं हिवाळ्यात पारा शून्याजवळ असतो, तेव्हा जांभया कमी, आणि वीस अंशांच्या आसपासच्या सुखद उन्हाळ्यात जास्त. म्हणजे फार थंडीत मेंदू थंड करायची गरज नाही, फार उन्हात तो होत नाही, मधल्या हवेत जांभया भरपूर. हे मत सगळ्यांना मान्य नाही, पण तुझं औश्याचं निरीक्षण त्यात चपखल बसतं. दुपारी पत्र्याखाली ४२ अंशांची हवा ओढून मेंदूला काय गारवा मिळणार?

पण लगेच खूश होऊ नकोस. सकाळी सातला तुमची झोपही अपुरी असते. उन्हाळ्यात रात्री अकरापर्यंत गच्ची तापलेली, पहाटे कुठं जरा गार होतं तोवर उठायची वेळ. त्या झोपेच्याही जांभया असणारच. गार हवेच्या किती आणि झोपेच्या किती, हे वेगळं काढल्याशिवाय तुझं उत्तर पुरं होत नाही.

सरांबद्दल लिहिलंस. शिकवताना समोर पन्नास पोरं जांभया देतात तेव्हा जीवाला लागतं, मला लागलेलं आहे. तरी उभं करून काही होत नाही. उभ्या मुलाकडे सगळा वर्ग बघतो, आणि आणखी चौघांना येते. तू तोंडावर हात ठेवून दे, एवढी रीत पुरे. सरांनी पहिल्या तासाला दोन मिनिटं सगळ्यांना बाहेर नेऊन हौदावर तोंड धुवायला लावलं, ओला रुमाल कपाळावरून फिरवायला लावला, तर फरक पडेल असं मला वाटतं. हे तूच त्यांना सांग, नम्रपणे. हा लेखही दाखव.

आणि वही घाल. दोनशे पानी नको, शंभर पानी बास. रोज तीन वेळा, सकाळी साडेसातला, अकराला आणि दुपारी तीनला, दहा-दहा मिनिटं बसून मोज. सकाळची वर्गात, पुढच्या दोन घरी, आणि घरी रोज तीच तीन-चार माणसं असू देत. किती जण होते, कितींनी जांभई दिली, पहिली कुणी दिली, त्याच्याकडे तोंड करून कोण बसलं होतं. नावं लिहू नकोस, बसण्याची जागा लिही. हवेचा पारा लिही. शाळेच्या प्रयोगशाळेत तापमापक असेल, मागून घे, आणि सावलीत टांग, भिंतीला चिकटवू नकोस. रात्री कोण किती तास झोपलं ते विचारून लिही, नाहीतर झोपेचं आणि उन्हाचं एकमेकांत मिसळून जाईल. रविवारी सकाळी, पोटभर झोपल्यावर, तीच मोजणी घरी कर. ती या सगळ्यात मोलाची. पंधरा दिवस झाले की पानांचे फोटो काढून मला पाठव, मग आपण बसून आकडे मांडू.